तुमच्या रोटिफरच्या पोटात काय आहे? जिताड्याची पिल्लं वाढवणाऱ्या मंडळींना बडोद्याहून खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

नवसारी-वलसाडपासून खाली पालघर, रायगडपर्यंत जे कोणी जिताड्याचं (एशियन सीबास माशाचं) बीज, म्हणजे पिल्लं, काढताय किंवा बाहेरून आणून नर्सरीत वाढवताय, त्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत एका टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. आमचं रोजचं काम म्हणजे खाद्यतेल, शेंगदाण्याचं, कपासियाचं (सरकीचं), मोहरीचं, त्यात कुठलं फॅटी ॲसिड किती आहे ते गॅस क्रोमॅटोग्राफवर बघायचं, भेसळ आहे का सांगायचं. घरात मासे, शिक्षण झूलॉजी आणि मग केमिस्ट्री, त्यामुळे ओळखीतल्या एका हॅचरीवाल्यांनी जेव्हा विचारलं की ताई, आमचा आर्टेमिया (पिल्लांना जिवंत खाणं म्हणून देतात तो खाऱ्या पाण्यातला बारीक जीव) तुमच्या मशीनवर चालेल का, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तिथून एकाचं बघून दुसरा असं करत सॅम्पल यायला लागली, आणि त्यातून जे दिसतंय ते एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगावं म्हणून लिहितेय.

मुद्दा असा आहे की तुम्ही एन्रिचमेंटचं, म्हणजे जिवंत खाण्यात चांगली चरबी भरायचं, औषध विकत घेताय, टाकीत ओतताय, रजिस्टरला टिक करताय, पण ते औषध पिल्लाच्या तोंडापर्यंत पोचतंय का हे जवळजवळ कोणीच बघत नाहीये. आणि मग सतराव्या-अठराव्या दिवशी ग्रेडिंग करताना जाळी उचलली की पिल्लं वाकडी होऊन तळाला बसतात, तेव्हा दोष पाण्याला, हवामानाला, बीज दिलेल्या माणसाला, सगळ्यांना देऊन होतो, फक्त खाण्याकडे कोणाचं लक्ष जात नाही कारण खाणं तर भरपूर दिलेलं असतं, पिल्लाचं पोट नारिंगी दिसत असतं.

पोट भरलेलं असणं वेगळं आणि पोसलं जाणं वेगळं, हे माणसाच्या लेकराला लागू आहे तसंच इथेही आहे. जिताड्याचा लार्वा अंड्यातून निघतो तेव्हा जेमतेम दीड मिलिमीटर असतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड उघडतं, योक (अंड्यातला बलक) संपत आलेला असतो, आणि त्या तोंडात मावेल असं हलतं-फिरतं खाणं म्हणजे रोटिफर हा पाण्यातला अगदी सूक्ष्म प्राणी, पुढे आठ-दहा दिवसांनी आर्टेमियाची नॉप्ली, म्हणजे तिची नुकतीच निघालेली पिल्लं. या दोन्ही प्राण्यांत समुद्री माशाच्या पिल्लाला लागणारं डीएचए मुळात नसतंच म्हटलं तरी चालेल. डीएचए, ईपीए आणि एआरए ही तीन लांब साखळीची फॅटी ॲसिड्स समुद्री माशाचं शरीर स्वतः पुरेशी बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. त्यातलं डीएचए मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात ठासून भरलेलं असतं. हेरिंग माशाच्या पिल्लांवर प्रयोग झालेत, डीएचए कमी मिळालेल्या पिल्लांना अंधुक उजेडात भक्ष्य नीट दिसत नाही. आता विचार करा, टाकीत खाणं आहे पण पिल्लाला ते दिसतच नाहीये, आणि आपण काउंट वाढवत बसलोय.

आपल्यातले बरेच जण गोड्या पाण्यातून इकडे आलेत, रोहू-कटला-मृगळ वाढवलेले हात आहेत, आणि तो अनुभव मोलाचा आहे, पण एका बाबतीत तो दगा देतो. कार्पच्या जिऱ्याला (बारीक पिल्लांना) तलावात शेणखत आणि शेंगदाणा पेंड टाकून मोइना (गोड्या पाण्यातले बारीक जीव), रोटिफर उठवले की झालं, कारण गोड्या पाण्यातले हे मासे अठरा कार्बनच्या छोट्या ओमेगा-थ्रीपासून लांब साखळीची बनवू शकतात. जिताडा मोठेपणी गोड्या पाण्यात छान राहतो, पण जन्मतो खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात, आणि लार्वा असताना त्याला ते तयारच लागतं. त्यामुळे "आमच्या तलावात तर मोइनावर सगळं चालतं" हे इथे चालत नाही.

हे काही आज कळलेलं नाही. जपानमध्ये साठच्या दशकात रोटिफर खाण्यासाठी वाढवायला लागले, मग स्वस्त पडतं म्हणून पाव बनवायच्या ईस्टवर वाढवायला लागले, रोटिफर भरघोस यायचे आणि समुद्री माशांची पिल्लं मात्र धडाधड मरायची. तेव्हा ताकेशी वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की रोटिफरची संख्या बरोबर होती, आत जी चरबी होती ती बरोबर नव्हती, रोटिफर जे खातो तेच त्याच्या अंगात येतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आणि इतकी वर्षं होऊनही माझ्याकडे येणाऱ्या सॅम्पलमध्ये निव्वळ ईस्टवर वाढवलेले रोटिफर अजून येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मशीनवर काय दिसतं ते सांगते. सॅम्पलमधली चरबी काढून तिचे मिथाइल एस्टर करायचे आणि कॉलममधून सोडायचे, की एकेक फॅटी ॲसिड आपापल्या वेळेला बाहेर पडतं आणि कागदावर एकेक टोक उठतं. सोळा कार्बनवाली आधी, मग अठरावाली, मग वीसवाली ईपीए वगैरे, आणि डीएचए पार शेवटाकडे. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या सिस्टपासून (आर्टेमियाच्या सुक्या अंड्यांपासून) नुकत्याच निघालेल्या नॉप्लीचा ग्राफ बघितला तर अठरा कार्बनच्या लिनोलेनिकचं टोक मस्त उंच असतं, ईपीएचं छोटंसं, आणि शेवटी जिथे डीएचए यायला पाहिजे तिथे रेघ सपाट जाते. चांगल्या एन्रिच केलेल्या नॉप्लीच्या ग्राफला त्याच जागी टोक उठलेलं दिसतं. आणि मला जे सांगायचंय ते हे की "एन्रिच्ड" अशी चिठ्ठी लावून आलेल्या सॅम्पलांपैकी काहींत ती रेघ तशीच सपाट होती. पैसे खर्च झालेत, मेहनत झालीय, रात्री उठून कोणीतरी डोस टाकलाय, आणि आत काही नाही.

का होतं असं? माझ्या मते बहुतेक वेळा तीन-चार जागी गळती असते आणि सगळ्यात मोठी गळती वेळेची आहे.

आर्टेमियाची नॉप्ली सिस्टमधून निघते तेव्हा पहिल्या अवस्थेत तिचं तोंड आणि आतडं चालूच नसतं, ती स्वतःच्या योकवर जगते. साधारण आठ तासांनी कात टाकून दुसऱ्या अवस्थेत गेली की मग ती पाण्यातले बारीक कण गिळायला लागते. म्हणजे निघाल्या निघाल्या इमल्शन (पाण्यात बारीक थेंब केलेलं एन्रिचमेंटचं तेल) टाकलं तर ते तिच्या आत जातच नाही, अंगाला चिकटतं आणि पाणी घाण करतं. उलट नुसतीच न खिलवता चोवीस तास ठेवली तर तिने आपलंच योक जाळून टाकलेलं असतं, वजन पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त उतरलेलं असतं. म्हणून जी नॉप्ली एन्रिच न करता द्यायची ती निघाल्यावर लगेच द्या, आणि जी एन्रिच करायची तिला दुसऱ्या अवस्थेत येऊ द्या आणि मग डोस द्या, चोवीस तासांचं असेल तर दोन हप्त्यांत, जोरदार एअर लावून, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली जाऊ न देता.

त्यानंतरची गळती तर कोणाच्या ध्यानीमनी नसते. आर्टेमिया डीएचए साठवून ठेवत नाही, ती ते मोडते, काही तर परत ईपीएमध्ये बदलून टाकते, आणि आपल्याकडच्या अठ्ठावीस-तीस अंशाच्या पाण्यात हे फार पटापट होतं. सकाळी सहाला काढलेली एन्रिच्ड नॉप्ली बादलीत तशीच ठेवून दुपारी आणि मग संध्याकाळी दिली तर सकाळचं आणि संध्याकाळचं जेवण एकच नाहीये, नाव तेवढं एक आहे. रोटिफरचंही तेच, पोटातलं भरलेलं काही तासांत रिकामं होतं. यावर उपाय साधा आहे, काढल्यावर धुवून, दाट करून, चार-पाच अंशावर एअर लावून थंड ठेवायचं आणि थोडं थोडं करून द्यायचं. एक जुना फ्रिज आणि एक एअर स्टोन यापलीकडे खर्च नाही. आणि लार्वाच्या टाकीत न खाल्लेलं जे शिल्लक फिरत असतं ना, ते सगळ्यात निकस, म्हणून एकदम ढीगभर ओतून दिवसभर बघायचं नाही ही पद्धत बंद करा असं माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे.

आता तेलाबद्दल, कारण हा माझा प्रांत आहे. डीएचएच्या साखळीत सहा डबल बाँड असतात, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनला सहा जागा उघड्या. बडोद्याचा मे महिना तुम्हाला माहितीये, बेचाळीस-त्रेचाळीस अंश सहज, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वाईट. तिथे अर्धी वापरलेली इमल्शनची बाटली झाकण सैल करून ठेवली तर ती किती दिवस टिकेल? एका सॅम्पलबरोबर बाटली पण आली होती, झाकण उघडल्यावर जुन्या ऑइल पेंटसारखा वास, कडेला पिवळट चिकट थर सुकलेला, वर हाताने पुसट झालेलं लेबल, त्यावर बॅच नंबर नाही की डीएचएचा आकडा नाही. खवट तेल नुसतं निकामी नसतं तर पिल्लाला अपाय करतं, शरीरातलं व्हिटॅमिन ई खाऊन टाकतं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, लॅबकडून नुसती पेरॉक्साइड व्हॅल्यू (खवटपणाचा एक आकडा) मागू नका, तेल फार जुनं झालं की पेरॉक्साइड पुढे मोडून अल्डिहाइड होतात आणि तो आकडा परत खाली येतो, तेल चांगलं असल्यासारखं दिसतं. सोबत ते अल्डिहाइड दाखवणारी अनिसिडिन व्हॅल्यू पण बघायला लावा. छोट्या बाटल्या घ्या, उघडलेली फ्रिजमध्ये, तारीख टाकून.

घरी इमल्शन करणारे पण आहेत, फिश ऑइल, कच्च्या अंड्याचा बलक, पाणी आणि मिक्सर. मी त्याला नावं ठेवणार नाही, नीट केलं तर चालतं, बलकातलं लेसिथिन तेल धरून ठेवतं. पण एक थेंब स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघा, तेलाचे गोळे केवढे आहेत. आर्टेमिया साधारण पन्नास मायक्रॉनच्या वरचं गिळू शकत नाही, रोटिफर तर वीसच्या वरचं नाही. मोठे गोळे आत न जाता वर तरंगतात, तवंग होतो, आणि कित्येक समुद्री माशांच्या पिल्लांना स्विम ब्लॅडर (पोटातली हवेची पिशवी) भरायला एकदा पाण्यावर येऊन हवा गिळावी लागते, ती तवंगामुळे गिळता येत नाही. मग ब्लॅडर न भरलेली पिल्लं, पाठ वाकलेली पिल्लं. चरबी मिळावी म्हणून टाकलेलं तेलच मुळावर येतं ते असं.

अल्गीबद्दल, म्हणजे रोटिफरना खायला देतात त्या सूक्ष्म शेवाळाबद्दल, थोडक्यात. नॅनोक्लोरोप्सिस आपल्याकडे सगळीकडे आहे, टिकायला चिवट आहे, तिच्यात ईपीए भरपूर पण डीएचए जवळपास नाही. आयसोक्रायसिसमध्ये डीएचए असतं पण आपल्या उन्हाळ्यात तिला सांभाळणं कठीण, एसी रूम लागते. समुद्री पिल्लांसाठी डीएचए हे ईपीएच्या दुपटीच्या आसपास असावं असं साधारण धरतात, त्यामुळे एकट्या नॅनोक्लोरोप्सिसवर रोटिफर हिरवेगार दिसले तरी हिशेब उलटा बसतो. ज्यांना जमेल त्यांनी दोन्ही लावा, ज्यांना नाही त्यांनी नॅनोवर रोटिफर वाढवून द्यायच्या आधी काही तास डीएचएवाल्या इमल्शनवर ठेवा.

आणि कोपेपॉड, समुद्रातले ते बारीक कवचधारी जीव! खरं सांगायचं तर समुद्रात पिल्लं हेच खातात, यांच्यात डीएचए नैसर्गिकच असतं आणि तेही फॉस्फोलिपिडच्या रूपात, जे पिल्लाच्या कोवळ्या आतड्याला इमल्शनच्या तेलापेक्षा चांगलं पचतं. सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या) केरळातल्या विळिंजम केंद्रात कोपेपॉड वाढवण्यावर बरंच काम झालंय. मोठ्या प्रमाणात वाढवणं अवघड आहे, दाटी सहन होत नाही त्यांना, मान्य. पण पहिल्या चार-पाच दिवसांसाठी थोडे जरी मिळाले तरी फरक पडेल, आणि एकेकट्याला नाही जमत ते चार हॅचऱ्या मिळून एक कल्चर रूम चालवायला काय हरकत आहे? सीबाने (निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने) १९९७ मध्ये देशात पहिल्यांदा बंदिस्त वाढवलेल्या जिताड्याचं बीज काढलं, त्यांचं नवसारीला केंद्र आहे, म्हणजे विचारायला चेन्नईपर्यंत जायची गरज नाही, गटाने जाऊन बसा त्यांच्यासमोर.

अजून एक गोष्ट मनात खूप दिवसांपासून आहे. देशातलं तीन-चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातेत पिकतं, मिठापूरच्या मिठागरांत आर्टेमिया सापडल्याची नोंद आहे, आणि आपण डबे आणतो अमेरिकेतल्या खाऱ्या तळ्यातून. मिठापूर ज्या ओखामंडळात आहे ते एकेकाळी आमच्या बडोदा संस्थानातच होतं, सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जीवांचा अभ्यास करून घेतला होता, त्याचा पहिला भाग १९०९ मध्ये छापला गेला. शंभरावर वर्षांपूर्वी किनाऱ्यावर काय काय आहे ते मोजून घ्यावं असं ज्यांना वाटलं त्यांच्या गावात बसून मी हे लिहितेय, म्हणून जास्त तळमळ वाटते. व्हिएतनामने विन्ह चाऊच्या मिठागरांत बाहेरून आर्टेमियाचं बीज आणून सोडलं आणि आज तिथल्या सिस्टला बाजारात नाव आहे. आपला आर्टेमिया वेगळ्या जातीचा आहे, नरांशिवाय वाढणारा, त्याची सिस्ट किती निघतात, आत ईपीए किती आहे, हे मोजल्याशिवाय चांगला की वाईट म्हणता येणार नाही. पण मोजूया तरी. मिठागरवाल्यांशी ज्यांची ओळख आहे त्यांनी सॅम्पल आणून द्या, टेस्टिंग मी सुट्टीच्या दिवशी करीन, आमच्या साहेबांची परवानगी घेतलेली आहे.

तर माझी विनंती काय आहे. पुढचा सीझन सुरू व्हायच्या आधी आपण गट करू आणि प्रत्येक हॅचरीने स्वतःच्या लाइव्ह फीडची एक तपासणी करून घ्यावी, माझ्याकडेच असं नाही, सुरत, वापी, ठाणे, जिथे तेलाची फॅटी ॲसिड प्रोफाइल होते तिथे हे होऊ शकतं, फक्त आधी विचारा की त्यांच्या स्टँडर्डमध्ये ईपीए, डीएचए, एआरए आहेत ना, सदतीस घटकांचं जे मिक्स स्टँडर्ड बऱ्याच लॅबमध्ये असतं त्यात असतात. आणि रिपोर्ट टक्क्यांत घेऊ नका. टक्के म्हणजे एकूण चरबीतला वाटा, चरबीच कमी असेल तर टक्के छान दिसून काही उपयोग नाही, सुक्या वजनाच्या एका ग्रॅममध्ये किती मिलिग्रॅम तो आकडा मागा, त्यासाठी लॅबला इंटर्नल स्टँडर्ड टाकावं लागतं, ते त्यांना माहिती असतं, सांगितल्याशिवाय करत नाहीत एवढंच.

आणि ते रिपोर्ट कृपा करून लपवू नका. मला कळतं की धंदा आहे, शेजारची हॅचरी स्पर्धक आहे, कोणता सप्लायर, कोणतं तेल, किती डोस हे सांगावंसं वाटत नाही. पण आज परिस्थिती अशी आहे की सप्लायर बॅचचा रिपोर्ट देत नाही कारण कोणी मागत नाही, एकट्याने मागितला तर दुसरीकडून घ्या म्हणतो. वीस जणांनी एकत्र मागितला तर द्यावाच लागेल. नर्सरीवाल्यांनी पण बीज घेताना फक्त इंच आणि नग न बघता विचारा की लार्वाला काय खिलवलं, आणि जमलं तर तिथेच थोड्या पिल्लांना खारेपणाचा झटका देऊन बघा, म्हणजे एकदम जास्त खाऱ्या पाण्यात टाकून तासाभरात किती तग धरतात ते. खाणं चांगलं मिळालेली पिल्लं यात टिकतात, हे जिताड्यावरच तपासलेलं आहे. ही टेस्ट बादली आणि मीठ यात होते, मशीन लागत नाही.

सॅम्पल कसं पाठवायचं ते नीट लिहिते कारण इथेच निम्मी सॅम्पल खराब होतात. रोटिफर असतील तर पन्नास-साठ मायक्रॉनच्या जाळीवर, आर्टेमिया असेल तर सव्वाशेच्या आसपास. गोड्या पाण्याने चांगले धुवा, अंगाला चिकटलेलं इमल्शन राहिलं तर मशीन तेही मोजतं आणि आकडा खोटाच चांगला येतो. जाळीखाली टिश्यू लावून पाणी टिपा, छोट्या झिप पिशवीत सपाट पसरा, हवा दाबून काढा, लगेच डीप फ्रीजरमध्ये, आणि ड्राय आइसवर पाठवा, नुसता बर्फ घालून दोन दिवसांच्या पार्सलने नाही. तीन पिशव्या हव्यात. एक एन्रिच करायच्या आधीची, एक टाकीत द्यायच्या क्षणाची, आणि तिसरी लार्वाच्या टाकीतून चार-पाच तासांनी गाळून घेतलेली, ही तिसरी सगळ्यात महत्त्वाची कारण पिल्लू प्रत्यक्षात तेच खात असतं. पिशवीवर मार्करने तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, सिस्टच्या डब्याचा बॅच नंबर, इमल्शनचं नाव आणि ते कधी उघडलं ते लिहा. हॅचरीचं नाव बाहेर नको असेल तर कोड टाका, मला चालेल.

आपली,
मकरपुऱ्याची लॅबवाली ताई, बडोदे